एकाच टाकीतील गुरामींची मारामारी कशी आवरावी: नव्या हौशींसाठी पायरीवार मार्गदर्शन

गुरामी हा दुकानात शांत दिसणारा मासा आहे. रंग सुंदर, चाल संथ, पोटाखाली दोऱ्यासारखे लांब स्पर्शपर, आणि किंमतही आवाक्यातली. त्यामुळे कोल्हापुरात पहिली टाकी घेणाऱ्या बहुतेकांच्या पिशवीत गोल्डफिशनंतर याचाच नंबर लागतो. घरी आणल्यावर पहिले काही आठवडे सारे ठीक चालते. मग एक मासा टाकीवर मालकी सांगू लागतो, दुसरा फिल्टरच्या मागे जाऊन बसतो, त्याच्या शेपटीच्या चिंध्या होतात, आणि नेमके काय बिघडले हे घरात कोणालाच कळत नाही. या सगळ्यातून मी गेलो आहे. नव्याने टाकी लावणाऱ्यांना एका जागी क्रमाने माहिती मिळावी, म्हणून हे लिहीत आहे.

पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे उपाय तिच्यावरच उभे आहेत. गुरामीला कल्ल्यांखेरीज श्वसनाचा आणखी एक अवयव असतो. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत घड्याघड्यांचा हा अवयव असून त्याला लॅबिरिंथ म्हणतात, आणि त्याच्यासाठी माशाला ठरावीक वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. नर आपले घरटेही पाण्याच्या पृष्ठभागावरच, लाळेच्या बुडबुड्यांचे बांधतो. म्हणजे दांडगा मासा जी जागा राखत असतो, नेमक्या त्याच जागी मार खाणाऱ्या माशाला श्वासासाठी यावेच लागते. इतर अनेक जातींतला दुबळा मासा तळाशी दडून दिवस काढू शकतो, पण गुरामीला ती सवलत नाही. म्हणून या माशांच्या टाकीत खरा बंदोबस्त तळाशी करून भागत नाही, तो पृष्ठभागाजवळ करावा लागतो.

आधी जमवून ठेवायचे साहित्य

- पाण्याचा थर्मामीटर आणि टाकीच्या मापाचा, तापमान आपोआप राखणारा हीटर
- घट्ट बसणारे झाकण
- साधारण एक फूट लांबीची दुसरी लहान टाकी, किंवा न वापरलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा
- हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, जो आजपासूनच मोठ्या टाकीत चालू ठेवावा
- तरंगणाऱ्या आणि उंच वाढणाऱ्या वनस्पती, किंवा मऊ कापडी पानांची कृत्रिम झाडे
- टाकीच्या आतल्या रुंदीचा, छिद्रे पाडलेला अपारदर्शक ॲक्रिलिकचा पडदा
- क्लोरीन घालवणारे औषध (दुकानात अँटीक्लोर म्हणून मागावे)
- रुंद जाळी, मोजपट्टी आणि एक लहानशी वही

स्पंज फिल्टर आधीपासून चालू ठेवण्यास सांगण्याचे कारण असे, की माशांची घाण निर्धोक करणारे जिवाणू त्या स्पंजात वाढण्यास काही आठवडे लागतात, आणि मासा वेगळा काढण्याची वेळ मात्र सांगून येत नाही.

१. आपल्याकडे नेमकी कोणती जात आहे ते ओळखावे

दुकानातल्या फळीवर फक्त "गुरामी" एवढेच लिहिलेले असते आणि त्या एका नावाखाली अगदी वेगळ्या स्वभावांचे मासे विकले जातात.

निळा गुरामी (थ्री-स्पॉट) सर्वांत जास्त विकला जातो आणि सर्वांत जास्त भांडतोही तोच. तो १२ ते १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दुकानात मिळतो तेव्हा तो चार-पाच सेंटिमीटरचा पिल्लू असतो, म्हणून त्या वयातला त्याचा शांतपणा खरा मानू नये. सात-आठ सेंटिमीटरचा होऊन वयात आला की त्याचा स्वभाव उघड होतो. येथे एक सापळा आहे. सोनेरी, निळा आणि संगमरवरी छटेचा ओपलाइन हे तिन्ही एकाच जातीचे रंग आहेत. "एकेक रंगाचा घेतला, म्हणजे भांडणार नाहीत" या समजुतीने तीन नर एकत्र ठेवले, तर ते एकाच जातीचे तीन प्रतिस्पर्धी ठरतात.

ड्वार्फ गुरामी आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंतच वाढतो, परंतु दोन नर लहान टाकीत एकमेकांना सुखाने राहू देत नाहीत. पावडर ब्लू, नियॉन आणि लाल फ्लेम हेही त्याचेच रंग. हनी गुरामी सुमारे पाच सेंटिमीटरचा आणि बराच सौम्य असतो. ड्वार्फ आणि हनी या दोन्ही आपल्याच उपखंडातल्या, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात सापडणाऱ्या जाती असून १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. आपण त्यांना परदेशी पाहुणे समजतो, हा भाग वेगळा. हनी म्हणून कधी कधी जाड ओठांच्या थिक-लिप गुरामीचे नारिंगी मासे दिले जातात आणि ते हनीच्या जवळपास दुप्पट होतात, तेव्हा तोंडाची ठेवण पाहून घ्यावी.

मोती गुरामी (पर्ल) १२ सेंटिमीटरपर्यंत वाढूनही त्या मानाने शांत राहतो. नवख्या माणसाने तीन फुटी टाकीसाठी निळ्याऐवजी हाच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन जाती लहान टाकीसाठी घेऊच नयेत. किसिंग गुरामी ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो, आणि त्याचे ते प्रसिद्ध "चुंबन" पुष्कळदा दोन माशांची ताकद आजमावण्याची झटापट असते. जायंट गुरामी तर ७० सेंटिमीटरपर्यंत जातो. तळहातावर मावणारे त्याचे पिल्लू पाहून निर्णय घेऊ नये.

२. नर आणि मादी ओळखून मगच घ्यावेत

बहुतेक जातींत पाठीवरचा पर हीच खूण पुरते. नराचा पर मागे लांब आणि टोकदार होत जातो, मादीचा आखूड आणि गोलसर राहतो. शिवाय मादीचे पोट भरलेले दिसते. मोती गुरामीच्या वयात आलेल्या नराचा गळा आणि छाती नारिंगी-लाल होते. ड्वार्फ गुरामीत तर रंगच बोलतो: झगझगीत निळे-लाल पट्टे नराचे, फिकी चंदेरी मादी. याच कारणाने दुकानदार माद्या फारशा आणत नाहीत आणि "जोडी" म्हणून अनेकदा दोन नरच हातात पडतात. फार लहान पिल्लांत ही खूण दिसत नाही, म्हणून थोडे मोठे मासे निवडावेत, ते पोहत असताना बाजूने पाहावेत, आणि दुकानदार घाई करत असला तरी पाठीचा पर पूर्ण उघडेपर्यंत थांबावे.

३. टाकीचे माप आणि माशांची संख्या यांचा मेळ घालावा

येथे लिटरपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते आणि पृष्ठभाग दोन चौरस फूट मिळतो. हीच टाकी दीड फूट उंच केली तर पाणी दीडपट होते, परंतु ज्यावरून भांडण आहे तो पृष्ठभाग एका बोटानेही वाढत नाही. म्हणून दिवाणखान्यात उठून दिसणाऱ्या उंच, चौकोनी टाक्या गुरामींसाठी नाहीत. लांबट टाकीच घ्यावी. तिचे स्टँड उद्यमनगरात मापाप्रमाणे करून मिळते, पण ते करताना वजनाचा विचार करावा. तीन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद-उंच टाकीत पाणीच १३० लिटरच्या आसपास असते.

संख्येचा माझा हिशोब असा आहे. दोन फुटी टाकीत ड्वार्फचा एकच नर, जमल्यास दोन माद्यांसह, किंवा चार-पाच हनींचा गट. तीन फुटी टाकीत मोती गुरामीचा एक नर आणि दोन-तीन माद्या, अथवा निळ्याचा एक नर आणि दोन-तीन माद्या. एक नर व एकच मादी ही रचना दिसायला सुटसुटीत वाटते, प्रत्यक्षात मात्र नराचा सगळा पाठलाग त्या एकटीच्या वाट्याला येतो. निळ्याचे दोन नर चार फुटांखालच्या टाकीत ठेवूच नयेत, आणि चार फुटांतही खात्री देता येत नाही.

"आणखी चार टाका, गर्दी झाली की भांडायचे थांबतात" हा सल्लाही आपल्याला मिळेल. आफ्रिकन सिक्लिडांच्या टाक्यांत ही युक्ती वापरली जाते, पण तिथे फिल्टर आणि पाणीबदल त्या प्रमाणात ठेवलेले असतात. गुरामींच्या दोन फुटी टाकीत गर्दी केल्याने श्वासाच्या जागेवरची ओढाताण वाढते आणि पाणीही लवकर खराब होते.

सोबतीही जपून निवडावेत. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा गुरामीचे लांब स्पर्शपर कुरतडतात. फायटर हा गुरामीच्याच कुळातला असल्याने तो आणि गुरामी एकमेकांना शत्रू मानतात, आणि एंजल मोठा झाला की त्याच वरच्या-मधल्या थरावर हक्क सांगतो. रासबोरा किंवा तळाशी राहणारे कॉरिडोरस हे बरे सोबती. दोन वेगळ्या जातींचे गुरामी लहान टाकीत एकत्र ठेवणेही टाळावे.

४. टाकीचा वरचा थर भरावा

सगळ्यांत जास्त फरक या पायरीने पडतो, आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षही हिच्याकडेच होते. नवीन हौशी माणूस रंगीत खडे, कमान, पाणचक्की, उघडझाप करणारा शिंपला असा सारा पसारा तळाशी मांडतो आणि वरचे सहा-आठ इंच पाणी मोकळे ठेवतो. दांडग्या नराला तेच हवे असते, कारण तो एका कोपऱ्यात थांबून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंतची हालचाल पाहू शकतो. त्याची नजर अडवणे हा आपला उद्देश असावा.

त्यासाठी टाकीच्या लांबीचे मनातल्या मनात तीन भाग करावेत आणि भागांच्या सीमेवर तळापासून पृष्ठभागापर्यंत पोहोचणारी आडोशाची भिंत उभी करावी. वॅलिस्नेरियाची लांब पाती वर पोहोचून आडवी पसरतात, हायड्रिला पटकन वाढते, आणि उंच लाकडाच्या फांद्याही चालतात. वर तरंगणाऱ्या वॉटर लेट्यूससारख्या वनस्पतींची खाली लोंबणारी मुळे हा तर उत्तम पडदा आहे. जिवंत झाडे टिकत नसतील तर मऊ कापडी पानांची कृत्रिम झाडे झाकणापासून उलटी टांगावीत. विचित्र वाटते, पण काम चोख होते.

मात्र पृष्ठभाग निम्म्याहून जास्त झाकू नये आणि प्रत्येक भागात श्वासासाठी मोकळी जागा राहील असे पाहावे. पंचगंगेच्या घाटावरून किंवा रंकाळ्यातून जलपर्णी उचलून आणण्याचा मोह होतो. ती फुकट मिळते खरी, पण तिच्याबरोबर सांडपाण्यातली घाण, गोगलगायी आणि जळवाही येतात, म्हणून वनस्पती दुसऱ्या हौशी माणसाच्या निरोगी टाकीतूनच घ्याव्यात.

फिल्टरचा झोत मंद ठेवावा, कारण वेगाच्या प्रवाहात गुरामी थांबत नाहीत आणि सगळे मासे टाकीच्या एकाच शांत टोकाला एकवटतात. टाकीच्या मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावावा. संध्याकाळी खोलीत अंधार आणि टाकीत दिवा असला, की नराला काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसते आणि तो त्याच्याशी झुंजत राहतो.

५. खाद्य, तापमान आणि पाणी

तरंगणारे दाणे रोज एकाच जागी टाकले तर दांडगा मासा तीच जागा धरून बसतो. दाणे एकाच वेळी दोन्ही टोकांना टाकावेत, आणि दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील इतकेच द्यावेत.

तापमान २४ ते २८ अंशांच्या दरम्यान असावे. भांडण चालू असताना ते २५ च्या जवळ ठेवणे बरे, कारण उबदार पाण्यात विणीची प्रेरणा आणि नराचा ताव दोन्ही वाढतात. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात आणि हीटर नसेल तर टाकीचे पाणी पहाटेपर्यंत बरेच उतरते. गारठलेला मासा एका जागी निपचित राहतो, त्यालाच "भांडण मिटले" समजू नये. झाकण बारा महिने हवे. ते असले म्हणजे पाण्यावरची हवा उबदार व दमट राहते आणि पाठलागात मासा बाहेर उडी मारत नाही.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी काढावे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले तर ते पिंपात निवळू द्यावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहराचा पाणीपुरवठा कोलमडला होता. तशा दिवसांसाठी जुलैपासून एक झाकलेले पिंप टाकीसाठी राखून ठेवावे.

६. खडाखडी आणि खरी मारामारी यांतला फरक ओळखावा

पर फुलवणे, बाजू दाखवत एकमेकांभोवती फिरणे, स्पर्शपरांनी चाचपणे, चार बोटे पाठलाग करून सोडून देणे, ही आखाड्यात कुस्ती लागण्यापूर्वी होते तशी खडाखडी आहे. नव्या टाकीत ती काही दिवस चालते, आणि प्रत्येकाची पायरी ठरली की कमी होते. तिच्यात हस्तक्षेप करू नये.

मध्ये पडावे ते पुढील खुणा दिसल्यावर. एकच मासा सतत लक्ष्य होत आहे. तो खायला येत नाही. त्याचा रंग फिका पडून अंगावर ताणाचे पट्टे दिसतात. पर फाटले आहेत किंवा खवले गेले आहेत. आणि सर्वांत गंभीर म्हणजे तो श्वासासाठी वर येताच त्याला खाली पिटाळले जाते. ही शेवटची खूण दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

रोज सकाळी खाद्य देताना आणि रात्री दिवा बंद करण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे टाकीपासून थोडे दूर बसून पाहावे आणि कोण कोणाच्या मागे लागला ते वहीत लिहावे. काचेजवळ गेलो की मासे भांडण सोडून खाद्याच्या आशेने पुढे येतात, आणि आपल्याला वाटते की सारे आलबेल आहे.

आजार आणि छळ यांत गल्लत होऊ शकते. कोपऱ्यात बसलेला, रंग गेलेला मासा वेगळ्या टाकीत ठेवल्यावर एक-दोन दिवसांत खाऊ लागला तर कारण छळ होते. तिथेही तो खात नसेल, पोट फुगले असेल किंवा अंगावर व्रण असतील तर आजाराकडे वळावे. ड्वार्फ गुरामीत इरिडोव्हायरसचा एक घातक आजार आढळतो आणि त्यावर औषध नाही. म्हणून त्या जातीचा नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय मोठ्या टाकीत सोडू नये.

७. मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला बाहेर काढावे

दया येते म्हणून आपला हात आधी जखमी माशाकडे जातो. जखम मोठी असेल तर त्यालाही काढावेच, पण एवढ्यानेच थांबलो तर दांडग्या नराची मालकी पक्की होते आणि तो पुढचा मासा निवडतो. त्यालाच पाच-सात दिवस लहान टाकीत ठेवावे. तेवढ्या काळात मोठ्या टाकीतल्या लाकडांच्या आणि झाडांच्या जागा बदलाव्यात आणि उरलेल्या माशांना आपापल्या जागा धरू द्याव्यात. नंतर दिवा बंद करून संध्याकाळी त्याला परत सोडावे. ओळखीची जागा न सापडल्याने तो नवखा ठरतो, आणि पुष्कळदा एवढ्यानेच तो नरमतो. टाकीत नवा मासा आणतानाही हीच पद्धत वापरावी: आधी मांडणी बदलावी, मग अंधारात सोडावे.

८. पडदा लावायचा तर अपारदर्शक लावावा

दुसरी टाकी ठेवायला जागा नसेल तर मोठ्या टाकीचेच दोन भाग करावेत. नामफलक आणि नंबरप्लेट करणाऱ्यांकडे पांढऱ्या ॲक्रिलिकचा तुकडा मापाप्रमाणे कापून, छिद्रे पाडून मिळतो. साधी काच लावू नये. शत्रू समोर दिसत राहिला तर दोघेही दिवसभर काचेवर धडका देतात. पडदा थेट झाकणापर्यंत उंच असावा, कारण गुरामी उडी मारून पलीकडे जातो. हीटर एकाच भागात राहणार असल्याने दोन्ही बाजूंचे तापमान मोजावे, आणि फरक दिसला तर छिद्रे वाढवावीत.

९. घरटे दिसल्यास

पृष्ठभागावर फेसाचा गोळा दिसला की नर आक्रमक का झाला ते कळते. पिल्ले नको असतील तर पाणी बदलताना तो फेस मोडावा. नर तो पुन्हा बांधू लागतो, पण अंडी राखण्याची वेळ टळते. अंडी घातली गेली असतील तर मादीला लगेच हलवावे, कारण त्यानंतर नर तिला घरट्याजवळ फिरकू देत नाही आणि लहान टाकीत तिचा जीवही जाऊ शकतो. अंडी साधारण एक-दीड दिवसात फुटतात. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्ले मोकळी पोहू लागली की नरालाही दूर करावे.

१०. जखमी माशाची काळजी

स्वच्छ, २६ अंशांच्या आसपासचे पाणी आणि एकांत यांनी फाटलेले पर बहुधा आपोआप भरून येतात. वेगळ्या टाकीत पाण्याची खोली सहा-आठ इंचच ठेवावी, म्हणजे अशक्त माशाला वर यायला कष्ट पडत नाहीत. झाडे नसलेल्या त्या टाकीत लिटरमागे एक ग्रॅम जाडे मीठ, आयोडीनविरहित, विरघळवून घालता येते. जखमेवर कापसासारखी बुरशी आली तरच औषधाकडे वळावे, आणि ते मोठ्या टाकीत ओतू नये, कारण काही औषधे फिल्टरमधले जिवाणू मारतात.

११. एवढे करूनही मिटले नाही तर

काही नर कोणत्याच मांडणीत सुधारत नाहीत. असा मासा एकटा ठेवावा, दुकानदार परत घेत असेल तर द्यावा, किंवा मोठी टाकी असलेल्या ओळखीच्या माणसाकडे सोपवावा. रंकाळा, कळंबा किंवा पंचगंगेत तो सोडू नये. थ्री-स्पॉट हा आग्नेय आशियातला मासा आहे, परक्या पाण्यात तो तग धरू शकतो, आणि टाकीतले रोग घेऊन तो स्थानिक माशांत मिसळतो. नेताना प्रत्येक गुरामी वेगळ्या पिशवीत घालावा, पिशवीत एक तृतीयांशच पाणी भरून वर हवेसाठी भरपूर जागा ठेवावी, आणि पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावी, म्हणजे वाटेत तो अंधारात शांत राहतो.